पाण्यात शिरलं की लाल रंग जातो कुठे?

मागच्या अंकात तारकर्लीच्या डायव्हिंगबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा नुसता पाऊस. नागपूरला समुद्र नाही, आपलं पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी, नाहीतर कूलरची टाकी, पण प्रश्न मात्र सगळे पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे. लग्नाचे फोटो काढणं हे माझं पोट आणि कॅमेरा घेऊन समुद्रात उतरणं हे माझं वेड, त्यामुळे उत्तरं देते. पत्रं थोडी छाटलीत, आणि नावं नको असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून सगळ्यांचीच काढून फक्त वस्ती ठेवली.

प्रश्न: ताई, आम्ही चार मित्र फेब्रुवारीत तारकर्लीला जाऊन आलो. स्कूबाच्या पॅकेजमध्येच व्हिडिओ होता. व्हिडिओ आला तर सगळं हिरवं-निळं, मी मुद्दाम लालभडक टीशर्ट घातला होता तो चक्क चॉकलेटी-काळा दिसून राहिला, चेहरे तर भुतासारखे. कॅमेरावाल्याने भंगार कॅमेरा वापरून आम्हाला गंडवलं का? – प्रतापनगर

उत्तर: नाही रे बाबा, त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नकोस. टीशर्टचा लाल रंग पाण्याने खाल्ला. सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला की आधी लाल संपतो, साधारण ५ मीटरवरच बराचसा गेलेला असतो, मग १०च्या आसपास नारिंगी, २०कडे पिवळा, आणि खाली उरतो तो हिरवा आणि निळा. म्हणून तुझा टीशर्ट काळा. तिथे खाली कुणाचं बोट कापलं ना, तर रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसतं.

मला हे पुस्तकात वाचून पटलंच नव्हतं. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाताना आईने सवयीने पिशवीत संत्री टाकली होती, अंदमानात काय खायला मिळेल कोणास ठाऊक म्हणून. त्यातलं एक मी जाळीच्या पिशवीत घालून जॅकेटला अडकवलं, पिशवी लागतेच कारण संत्रं वर पळायला बघतं. १४ मीटरवर जाऊन बाहेर काढलं तर हातात एक करडं-पिवळं, मळकट काहीतरी, आठवडाभर फ्रिजमागे पडलेल्या लिंबासारखं. मग टॉर्च मारला, आणि बाप्पा, एकदम कळमना बाजारातल्या ढिगातून आत्ता उचललंय असं पेटलं ते! टॉर्च बंद, परत करडं. माझा बडी, म्हणजे डायव्हमधला जोडीदार, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं तोंडातलं यंत्र, तोंडात धरून इतका हसत होता की बुडबुडेच बुडबुडे. ते संत्रं नंतर बोटीवर सोलून खाल्लं, साल खारट झाली होती फक्त.

असं का झालं, तर सूर्याचा प्रकाश १४ मीटर पाणी कापून आला होता, टॉर्चचा जेमतेम दोन फूट. आणि लोक इथेच चुकतात, कारण नुसती खोली मोजून चालत नाही, वरून तुझ्यापर्यंत आलेलं पाणी आणि तुझ्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचं पाणी, दोन्हीची बेरीज होते. कॅमेरावाला ३ मीटर लांब असेल तर तेवढा रंग वाटेत आणखी गेला. त्यात तारकर्ली-मालवणच्या पाण्यात प्लँक्टन आणि बारीक गाळ, म्हणून अंदमानसारखं निळं न येता हिरवं येतं.

मग करायचं काय? पुढच्या वेळी कॅमेरावाल्याला उतरायच्या आधीच सांगा की दादा जवळ ये, हात लांबवला तर लागशील इतका. लेन्ससमोर लाल फिल्टर लावतात, निळ्या पाण्यात तो चांगला चालतो, हिरव्या पाण्याला गुलाबी-जांभळट लागतो, पण फिल्टर काही रंग परत आणत नाही, तो निळा-हिरवा अडवतो आणि तेवढा अंधार वाढवतो. टॉर्च लावला असेल तर फिल्टर काढायचा, नाहीतर सगळे टोमॅटो. आणि घरी एडिटिंगमध्ये लाल वाढवता येतो, पण थोडा शिल्लक असेल तरच. जिथे लाल उरलेलाच नाही तिथे स्लायडर कितीही ओढा, नुसते ठिपके येतात.

एक राहिलंच, व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला का? मग अर्धी वाट तिथेच लागली, तो दाबून-पिळून पाठवतो. त्याच्याकडे ओरिजिनल फाइल असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागव, आणि पुढच्या वेळी पेन ड्राइव्ह खिशात घेऊनच जा.

प्रश्न: माझा फोन वॉटरप्रूफ आहे, आयपी६८. वरून दोनशे रुपयांचं पाऊच घेतलं तर डबल सेफ्टी होईल ना? मग वेगळा कॅमेरा काहून घ्यायचा? – महाल

उत्तर: डबल सेफ्टी नाही, डबल भोळेपणा. आयपी६८ची परीक्षा गोड्या, स्थिर पाण्यात होते, आयफोनचं उदाहरण घ्या, अलीकडच्या मॉडेलला कंपनी ६ मीटर आणि ३० मिनिटं सांगते आणि तरी पाणी शिरलं तर वॉरंटी नाही म्हणते. समुद्राचं पाणी खारं, तुम्ही त्यात हात हलवणार, आणि दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढणार. पाऊचमध्ये हवा असते, १० मीटरवर तिचं आकारमान निम्मं होतं, प्लास्टिक स्क्रीनला चिकटून बसतं, बटणं आपोआप दाबली जातात, आणि टचस्क्रीन पाण्याच्या दाबाला बोट समजून वेड्यासारखी वागते. फोटो काढायचा राहतो आणि फोन भलतंच काहीतरी उघडून बसतो.

मी स्वतः शेकलेय. एका प्री-वेडिंगला रिसॉर्टच्या पूलमध्ये, फक्त चार फूट पाण्यात, नवऱ्या मुलाचा फोन पाऊचमध्ये घालून शूट केलं. पाऊचच्या पट्टीत एक केस अडकला होता, एकच, नवरीचा. फोन गेला आणि पैसे मी भरले. तेव्हापासून पाऊच फक्त रंगपंचमीला.

फोनच वापरायचा असेल तर फोनसाठी बनवलेली खरी कडक हाऊसिंग, म्हणजे पाणबंद पेट्या, मिळतात, बाहेरून बटणं असलेली, पण त्या किमतीत एखादा अ‍ॅक्शन कॅमेरा येतो.

प्रश्न: नमस्कार. मी बँकेतून निवृत्त, वय ६१. मुलाने गोप्रो भेट दिला आहे. पत्नीसह अंदमानला जाण्याचा बेत आहे, डॉक्टरांनी डायव्हिंगला परवानगी दिली आहे. कॅमेरा तसाच पाण्यात न्यावा की वेगळी पेटी घ्यावी? सेटिंग काय ठेवावे? कृपया सोप्या भाषेत सांगावे. – स्नेहनगर

उत्तर: काका, आधी डॉक्टरांना विचारून मग कॅमेऱ्याचं विचारलंत, हा क्रम मला फार आवडला, तरुण मंडळी उलटं करतात.

गोप्रोचे गेल्या काही वर्षांतले हीरो ब्लॅक कॅमेरे नुसते १० मीटरपर्यंत चालतात. पहिल्यांदा डायव्हिंग करणाऱ्यांना इन्स्ट्रक्टर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात, म्हणजे अगदी काठावरचा मामला. पेटी घ्याच, कंपनीच्या हाऊसिंगला ६० मीटरची हमी असते, आणि कॅमेऱ्याच्या बारीक दारात मीठ जात नाही हा खरा फायदा.

आता सगळा खेळ त्या पेटीच्या ओ-रिंगवर आहे. दाराभोवती रबराची बारीक गोल पट्टी असते ती. वाळूचा एक कण किंवा रुमालाचा एक धागा तिच्यावर बसला की पाणी आत. बोटीवर घाईघाईत पेटी उघडायची नाही, हॉटेलच्या खोलीतच बंद करून निघायचं. ओ-रिंग बोटाने चाचपून बघा, उजेडात तिरपी धरून बघा. व्हॅसलिन लावू नका हां, बरेच जण लावतात, काही रबरं त्याने फुगतात. पेटीसोबतच्या कागदावर सिलिकॉन ग्रीस लावायला सांगितलं असेल तर तेच, आणि तेही नखाएवढं.

आणि जायच्या आधी घरी चाचणी. आता एप्रिल आहे, कूलर चालू असेलच. मोटर बंद करा, प्लग काढा, मग रिकाम्या पेटीत टिश्यू पेपरची घडी घालून पेटी टाकीत वर वजन ठेवून अर्धा तास बुडवा. बाहेर काढून नीट पुसून मगच उघडा. कागद कोरडा तर पेटी पास. कूलरच्या टाकीत कसला आलाय समुद्राचा दाब, असं वाटेल, पण पेटी बरेचदा पहिल्या हात-दोन हात पाण्यातच गळते, कारण खोलवर गेल्यावर दाबच ओ-रिंगला घट्ट बसवतो. हे मी दर ट्रिपच्या आधी करते आणि आमच्याकडे सासूबाई दर वेळी विचारतात, आज टाकीत काय शिजतंय.

आतून काच धूसर होते, तेही सांगून ठेवते. दमट गरम हवेत पेटी बंद केली आणि थंड पाण्यात नेली की आतली वाफ काचेवर बसते, लग्नाच्या हॉलमध्ये एसीतून अंगणात आल्यावर माझ्या लेन्सचं होतं त्याच्या बरोब्बर उलटं. एसीच्या खोलीत बंद करायची, आत ओलावा शोषणारी छोटी पट्टी टाकायची. डायव्ह झाल्यावर पेटी बंदच ठेवून गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पाण्यातच बटणं चार-चार वेळा दाबा म्हणजे मीठ निघतं, आणि उन्हात नाही, सावलीत वाळवा.

सेटिंगचं फार डोक्यात घेऊ नका. ४के, ३० फ्रेम, स्टॅबिलायझेशन चालू, आणि अँगल वाइड, कारण सपाट काचेतून पाण्यात बघताना कॅमेऱ्याची नजर आपोआप अरुंद होते आणि वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या दिसतात. बाकी हात शांत ठेवा. मासा दिसला की कॅमेरा त्याच्यामागे पळवायचा नाही, एका जागी धरून मनात दहा आकडे मोजायचे, मासा आला तर आला. जादाच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू देत नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे फ्लॅशवाला वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट आहे. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ पाण्याखाली काढलेल्या प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके आहेत, बर्फ पडल्यासारखे. लेन्स खराब आहे का? – मानेवाडा

उत्तर: लेन्स ठणठणीत आहे. हिवाळ्यात पहाटे अमरावती रोडवर धुक्यात गाडीचा अप्पर मारून बघितलाय कधी? समोर पांढरी भिंत उभी राहते आणि रस्ता होता तेवढाही दिसेनासा होतो. पाण्यातही तेच, कण सगळीकडे तरंगत असतात, लेन्सच्या अगदी शेजारचा फ्लॅश त्यांच्यावर पडून सरळ तुमच्या डोळ्यात परत येतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बंद करा, दिवे वेगळे घ्या आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर लावा, तोंड किंचित बाहेरच्या बाजूला वळवून, म्हणजे प्रकाशाची फक्त कड माशावर पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. सगळ्यात स्वस्त उपाय परत तोच, जवळ जा. मधे पाणी कमी तर ठिपके कमी. तळाशी वाळू असेल तर फिन्स आपटत जाऊ नका, अर्धा बर्फ स्वतःच उडवलेला असतो.

पाण्याखाली उजेडाचं हे भांडण जुनं आहे. लुई बुतां नावाच्या फ्रेंच माणसाने १८९३ मध्ये बान्यूलला समुद्राखाली फोटो काढले, आणि १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले तेव्हा उजेडासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पावडर पेटवली होती. स्फोटच तो. आपण टॉर्चची बॅटरी संपली म्हणून कुरकुरतो.

प्रश्न: प्रॅक्टिससाठी अंबाझरी किंवा फुटाळ्यात कॅमेरा घेऊन उतरलं तर चालेल का? – गोकुळपेठ

उत्तर: अजिबात नाही. गढूळ पाणी, खाली गाळ आणि गवत, स्वतःचा हात दिसत नाही, आणि तिथे माणसं बुडतात हे तुलाही माहीत आहे. स्विमिंग पूलवाल्याला विचार, दुपारी गर्दी नसते तेव्हा बहुतेक हो म्हणतात. पूलच्या टाइल्सवर प्लास्टिकचे खेळण्यातले मासे टाकून फोटो काढत बस, लोक हसतील, हसू दे.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. डिसेंबरमध्ये हॅवलॉकला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स पूर्ण केला, चार डायव्ह झाले. आता कॅमेरा घेऊन राहिलोय, पुढच्या ट्रिपमध्ये पहिल्याच डायव्हला नेऊ का? माझे इन्स्ट्रक्टर नको म्हणाले, ते जरा जुन्या विचारांचे आहेत. – त्रिमूर्तीनगर

उत्तर: जुन्या विचारांचे नाहीत, त्यांनी तुला पाण्यात पाहिलंय.

जरा डोळ्यांपुढे आण. तू खाली जातोयस, कान दुखायला लागले, नाक दाबून हळूच फुंकून कान मोकळे करायचे आहेत. उजव्या हातात कॅमेरा. डाव्या हातात जॅकेटमध्ये हवा भरायची नळी, कारण तू जरा जास्तच वेगाने बुडतोयस. आता नाक कोणत्या हाताने दाबणार? आणि याच वेळी समोरून कासव जातं. मी सांगते तू काय करणार, तू कासवाचा फोटो काढणार आणि कान घेऊन नागपूरला येणार. माझं हे झालंय, आठवडाभर डाव्या कानात शंख वाजत होता आणि मधे दोन रिसेप्शन होती. म्हणून कॅमेरा गुंडाळीच्या दोरीने जॅकेटला अडकवलेलाच हवा, सोडला तरी लटकत राहील असा.

दुसरं, आणि हे कानापेक्षा फार गंभीर आहे. जमिनीवर आपण शटर दाबताना श्वास रोखतो, मीही रोखते, हात स्थिर राहतो. पाण्याखाली हे करायचं नाही म्हणजे नाही. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, श्वास रोखून थोडा जरी वर सरकलास तरी फुप्फुस फाटू शकतं. फोटोच्या नादात माणूस वर सरकलाय हे त्याला कळत नाही, तेच तर खरं भ्या. हळू सोडत राहा श्वास, बुडबुड्यांनी मासा पळाला तर पळू दे.

आणि हवेचा काटा. सिलिंडर २०० बारचा (बार म्हणजे दाबाचं माप), ५० राखून वर यायचं, पण कॅमेरावाला डायव्हर हवा जास्त खातो आणि काटा कमी बघतो. मी नियम केलाय, दर तीन फोटोंनंतर एकदा काटा, एकदा बडी. तुझा बडी म्हणजे तुझा असिस्टंट नव्हे हेही लक्षात ठेव, तो कंटाळून पुढे गेला तर तू एकटा आहेस.

सर्टिफिकेट तुला १८ मीटरपर्यंत जाऊ देतं, पण एका जागी हात-पाय न हलवता, वर-खाली न होता तरंगत राहायला शिकायला आणखी डायव्ह लागतात. ते जमेपर्यंत कॅमेरा नको. न जमलेले फोटोग्राफर प्रवाळाला धरून उभे राहतात, कोपर टेकवतात, गुडघा ठेवतात. तो दगड नाही रे, जिवंत आहे, वर्षाला अगदी थोडा थोडा वाढतो, आणि भिंती बांधणारे प्रवाळ आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात वाघासोबत पहिल्या अनुसूचीत आहेत. पेंचमध्ये जिप्सीतून उतरून वाघाच्या पाठीवर कोपर टेकवून फोटो काढशील का?

बरं, परतीचं तिकीट शेवटच्या डायव्हच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं काढ, सकाळचं नको. अनेक डायव्ह झाले असतील तर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.

प्रश्न: मी ५२ वर्षांची गृहिणी, पोहता येत नाही, पण भिशीच्या आम्ही सहा जणी मेच्या पहिल्या आठवड्यात मडगावच्या गाडीने कुडाळला उतरून तारकर्लीला चाललोय, आणि मी पाण्याखाली जाणार म्हणजे जाणार. आधी गेलेल्या मैत्रिणींचे फोटो बघितले, सगळ्यांचे डोळे बेडकासारखे आणि गाल फुगलेले. मला एक तरी बरा फोटो हवा. – रामदासपेठ

उत्तर: काकू, जाच. मेअखेरीस पावसाळ्यासाठी सगळं बंद होतं, तुमची वेळ अगदी बरोबर आहे. बीपी, दमा, कानाचं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा, आणि त्या दिवशी सर्दी असेल तर फोटो राहिला तरी चालेल, उतरू नका.

मास्क निवडताना काळ्या रबराचा टाळून पारदर्शक सिलिकॉनचा मागा, त्यातून उजेड आत येतो आणि चेहरा गुहेत बसल्यासारखा दिसत नाही. केस घट्ट बांधा, कपाळावरची एक बट मास्कखाली राहिली की पाणी आत येतं आणि मग फोटोत बेडूकच. मंगळसूत्र, कानातले हॉटेलवर. कपडे पिवळे घाला, पिवळा बऱ्यापैकी खोलवर टिकतो, लालचं काय होतं ते प्रतापनगरच्या मुलाला विचारा. इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून धरून असतात, कॅमेरावाला वेगळा असतो, त्याला सांगा की उतरल्या उतरल्या, २-३ मीटरवरच पहिला फोटो काढ, तेव्हा चेहऱ्यावर अजून रंग असतो. तुमच्यापेक्षा थोडं खालून काढायला सांगा, म्हणजे मागे उजळ पाणी येतं. आणि तोंडातलं रेग्युलेटर दातांनी करकचून चावू नका, ओठांनी धरा, गाल आपोआप बसतात.

आणि फोटोसाठी अंगठा दाखवू नका. आपण सगळे सवयीने दाखवतो, झक्कास म्हणून, पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे मला वर न्या. माझ्यासोबत आलेल्या एका काकूंनी कॅमेरा समोर आला की अंगठा दाखवायचा आणि इन्स्ट्रक्टरने त्यांना वर न्यायचं, असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा वर आल्यावर त्या त्याच्यावरच ओरडल्या, काहून आणलं म्हणून. पहिलं बोट आणि अंगठा जोडून गोल करायचा, जेवण छान झालंय म्हणताना करतो तसा.